पोच घेतलीस का?

आमच्या बोनकोड्यात कागदाला फार मान आहे. कोपरखैरणे स्टेशनात उतरून सेक्टरांचे सरळ, आखीव रस्ते ओलांडत आलं की एका ठिकाणी गल्ल्या आखडतात, घरं एकमेकांच्या अंगावर येतात आणि गावठाण सुरू होतं. इथल्या बहुतेक जुन्या घरांत एक लोखंडी कपाट असतं आणि त्यात दागिन्यांच्याही वरच्या खणात कागद असतात. भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची प्रत, जुना सातबारा, वारस दाखला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली शेतं नव्या शहरासाठी संपादित झाली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईजवळ आंदोलन झालं, त्यात पाच जणांचा जीव गेला. पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. एवढं इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. आमच्या घरात मात्र हा इतिहास फाईलच्या रूपानेच आला.

माझ्या सासऱ्यांची फाईल वीतभर जाडीची आहे. वारसांत त्यांच्या बहिणी होत्या. त्यातल्या एकीचं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर घरात हाक मारायचं दुसरंच नाव आणि रेशनकार्डावर सासरचं तिसरं. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे कागदावर सिद्ध करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. सातवी शिकलेला, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात पाळ्या करणारा हा माणूस त्या भानगडीत अर्धा वकील होऊन बसला. त्यांचे काही नियम आहेत. अर्ज देताना दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊनच परतायचं. कोणी तोंडी काही सांगितलं तर तेच पत्रात लिहून 'आपण सांगितल्याप्रमाणे' म्हणून त्यालाच द्यायचं. मूळ कागद देवासमोरही सोडायचा नाही.

मी २०१८ मध्ये पीएच.डी.साठी नोंदणी केली. विद्यापीठ मुंबई, संशोधन केंद्र एका महाविद्यालयातलं. विषय होता आमच्या पट्ट्यातल्या आगरी लग्नांतले धवले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आगरी लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी तिच्या गाण्याने चालतात, तीच गाणी म्हणजे धवले. एके काळी भटजीशिवाय लग्न लागे, पण धवलारणीशिवाय लागत नसे. आता अशा बाया गावोगाव मोजक्याच उरल्यात आणि बहुतेकींनी सत्तरी ओलांडली आहे. विषय ऐकून कोणाला कौतुक वाटलं, कोणाला हसू आलं. 'आयांची गाणी लिवून डिग्री देतान?' असंही विचारून झालं. सासऱ्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"ते सगलं खरं गो बाय. पन डिग्री हातात येवाला कागुद काय काय लागतान?"

त्या प्रश्नासाठी मी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २०१६ चे विनियम छापून आणले. राजपत्रात आलेली ती पानं एका बैठकीत वाचून होतात. तरी माझ्या ओळखीतल्या संशोधकांपैकी फारच थोड्यांनी ती उघडली होती. बाकी सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचा. प्रबंध अमुक पानांच्या वर नको, असं कोणी एकाने टाकायचं. दुसऱ्याने अमुक पानांच्या खाली चालत नाही म्हणायचं. सॉफ्ट कॉपी सीडीवर द्यायची की पेन ड्राइव्हवर, यावर तर एकदा रात्री बारापर्यंत वाद झाला, आणि वाद घालणाऱ्यांपैकी एकाचंही पहिलं प्रकरण लिहून झालं नव्हतं.

सासऱ्यांनी मला वहीत दोन रकाने आखायला लावले. एका बाजूला 'आपन देवाचं', दुसऱ्या बाजूला 'तेनी देवाचं'. पहिला रकाना लगेच भरला. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. कोर्सवर्क ८ ते १६ क्रेडिटचं, त्यात किमान ५५ टक्के. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर कामाचं सादरीकरण. प्रबंध देण्याआधी संदर्भित नियतकालिकात निदान एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन निबंधवाचनं. विभागात सर्वांसमोर प्री-सबमिशन. वाङ्मयचौर्य नाही याचा दाखला. मग प्रबंध, मग व्हायव्हा.

दुसरा रकाना रिकामाच राहणार असं मला वाटत होतं. पण नीट वाचल्यावर तोही भरू लागला. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया पुरी होईल अशी व्यवस्था संस्थेने करायची आहे. प्रबंध गाईडखेरीज निदान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जायला हवा. एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर प्रबंध तिथेच बुडत नाही, तो आणखी एका परीक्षकाकडे जातो. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना सहा वर्षांवर आणखी दोन वर्षं मिळतात. शिवाय स्त्रियांना सगळ्या कालावधीत एकदा, प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी, २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ते शेवटचं कलम मी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. "मंग पोरगा झाल्यावं सोरू नको," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी चर्चा तिथेच संपली.

२०२१ मध्ये मुलगा झाला तेव्हा दोन सीनियर मैत्रिणींनी मला सांगितलं की रजाबिजा काही नसते, गुपचूप घरी बसायचं आणि नंतर मुदतवाढ मागायची. मी कलमाचा क्रमांक घालून अर्ज दिला, सोबत दवाखान्याचा कागद जोडला. रजा मिळाली. त्यात पराक्रम काहीच नव्हता. नियमात होतं, मागितलं, मिळालं. खंत एवढीच की त्या दोघींपैकी एकीने मूल झाल्यावर नोंदणीच रद्द करून घेतली होती. हे कलम तेव्हाही तसंच छापलेलं होतं.

कोर्सवर्कबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संशोधनपद्धती, संगणक, साहित्याचा आढावा. कोपरखैरण्याहून वाशी, वाशीहून हार्बरने कुर्ला आणि तिथून बसने विद्यानगरी, असा प्रवास करून जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात बसायचं. मग उलट वाटेने परत येताना गर्दीत पिशवीतली झेरॉक्सं छातीशी धरायची. २०१९ च्या अखेरीस यूजीसीने संशोधन आणि प्रकाशनाची नैतिकता यावरचा दोन क्रेडिटचा पाठ्यक्रमही सक्तीचा केला. करोनात ग्रंथालयं बंद झाली, लग्नं पन्नास माणसांत होऊ लागली आणि माझं क्षेत्रकार्यच थांबलं. धवलारणींना फोनवर गायला सांगून बघितलं. एक आजी म्हणाल्या, समोर नवरी नाही तर गायचं कोणापुढे? यूजीसीने त्या काळात प्रबंधाच्या मुदती वाढवल्या, पुन्हा पुन्हा वाढवल्या, म्हणून बऱ्याच जणांचं निभावलं.

शोधनिबंधाची अट मला लागू होती, माझ्यानंतर आलेल्यांना नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात नवे विनियम आले आणि त्यांत प्रबंधाआधी निबंध छापून आणण्याची सक्ती काढून टाकली. पण आधी नोंदणी केलेल्यांना जुनेच नियम, असंही त्यातच लिहिलं होतं. नव्याने प्रवेश घेतलेली एक मैत्रीण मला चिडवायची. खरं तर ती सक्ती गेली हे बरंच झालं. तिच्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं होतं. मलाही अशा एकाचा ईमेल आला होता. त्यात आधी दरपत्रक होतं आणि विषय कोणता ते मग विचारलं होतं. ही नियतकालिकं निवडून वेगळी काढण्यासाठी २०१९ मध्ये यूजीसी-केअरची यादी आली. मी त्या यादीतल्याच एका नियतकालिकात निबंध दिला आणि वर्षभर वाट पाहिली.

मजा म्हणजे ज्या कारणासाठी आमच्यातल्या निम्म्यांनी नोंदणी केली होती, ते कारणच मध्येच बदललं. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला २०२१ च्या जुलैपासून पीएच.डी. लागणार होती. ते २०२३ पर्यंत पुढे ढकललं गेलं आणि २०२३ च्या जुलैपासून नेट, सेट असेल तर पीएच.डी. ऐच्छिक ठरली. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते, अजूनही शिकवते. ग्रुपवर त्या रात्री शुकशुकाट होता, सीडीवालेसुद्धा गप्प.

आता जो भाग सांगायचा तो वाङ्मयचौर्याच्या तपासणीचा. यूजीसीचे याबद्दलचे विनियम २०१८ चे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही. दहा ते चाळीस असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. २०१९ पासून 'शोधशुद्धी' योजनेखाली गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवतं.

पहिली अडचण फॉण्टची. माझी सुरुवातीची प्रकरणं जवळच्या एका डीटीपीवाल्याने श्रीलिपीत लावली होती. मराठी प्रबंधांचं अर्धं जग अजून तिथेच आहे. नजरेला ते शुद्ध मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते. सॉफ्टवेअरला त्यात साम्य सापडत नाही आणि मराठीही सापडत नाही. सगळं युनिकोडमध्ये उतरवावं लागलं. उतरवताना रफार एका अक्षराने पुढे सरकले, जोडाक्षरं सुटली, ऱ्हस्व वेलांट्या पुढच्या अक्षराला जाऊन चिकटल्या. मुलाला झोपवून मी रोज पानं दुरुस्त करत बसायची.

मग अहवाल आला आणि तो दहाच्या वर गेलेला. लाल झालेला मजकूर बघितला तर माझं विवेचन जवळजवळ स्वच्छ होतं. लाल झाली होती ती गाणी. बोनकोडे, घणसोली, गोठिवली इथे मी स्वतः ध्वनिमुद्रित करून उतरवलेले धवले पूर्वी छापलेल्या संग्रहांतल्या गाण्यांशी जुळत होते. ते जुळणारच. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य विनियमांनी माफ केलं आहे, पण धवल्यात चौदा शब्द म्हणजे फार तर दीड कडवं. जे गाणं सासूच्या तोंडून सुनेने आणि सुनेच्या तोंडून तिच्या सुनेने उचललं, ते जितकं सारखं राहिलं तितकं ते खरं. आणि इथे तोच दोष धरला जात होता. मला त्या दिवशी सॉफ्टवेअरचा राग आला नाही, कारण ते त्याचं काम करत होतं. त्या लाल ओळींकडे मी बराच वेळ नुसती बघत राहिले. उरणकडच्या संग्रहातली ओळ आणि माझ्या चुलत आजेसासूबाईंच्या तोंडची ओळ शब्दाला शब्द एक होती आणि त्या आजी उरणला आयुष्यात कधी गेलेल्या नाहीत. माझ्या प्रबंधाचं एक सबंध उपप्रकरण त्या लाल रंगातून निघालं.

उपाय नियमातच होता. आवश्यक परवानगी घेऊन किंवा श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, तसंच संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे साम्याच्या हिशेबात धरायचे नाहीत. गाणी परिशिष्टात हलवली आणि प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं गाव, वय आणि मुद्रणाची तारीख दिली. मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, म्हणाल्या की नुसतं श्रेय पुरेल, तरी गाणाऱ्यांची लेखी संमती असली तर उत्तम.

म्हणून मी संमतिपत्र छापून आजेसासूबाईंकडे गेले. मराठीत, मोठ्या अक्षरात, अगदी साध्या चार ओळी. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला.

"गाना किती बी घे. सही नको मागू."

मी समजावून पाहिलं. आंगठा चालेल असंही म्हटलं, तर त्यांनी हात पदराखाली घेतला. "आंगठ्यानच तं गेलं सगलं," म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याने कुठल्याशा कागदावर आंगठा दिला होता, काय लिहिलंय ते न कळता, आणि त्यानंतर शेतात पाय ठेवायला मिळाला नव्हता. ज्या गावात कागद कपाटात पूजेसारखा ठेवतात त्याच गावात कागदावर काही उमटवायची ही भीती आहे, हे मला इतक्या जवळून कळलं नव्हतं. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच असणार. सासऱ्यांनीही तेव्हा मला पोच मागायला पाठवलं नाही. मग मी ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला त्यांना त्यांचं नाव सांगायला लावलं आणि 'हे गाना हिला लिवाला दिलं' एवढं बोलायला लावलं. ते आवाजातलं संमतिपत्र मॅडमना पसंत पडलं. दुसरा अहवाल दहाच्या खूप खाली आला.

नावाचा प्रश्न लहान, पण गावात चर्चा त्याचीच जास्त झाली. माझी दहावीपासून एम.ए.पर्यंतची कागदपत्रं माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं. प्रबंधावर कोणतं नाव घालायचं? नाव बदलायचं तर विवाह नोंदणी, राजपत्रात प्रसिद्धी आणि मग मागच्या सगळ्या कागदांशी मेळ. शेजारची एक काकी म्हणाली, एवढं शिकू दिलं तर पदवीवर सासरचं नाव लागायला नको? सासऱ्यांनी बहिणीच्या तीन नावांची फाईल बाहेर काढून ओट्यावर आपटली. "एम.ए.ला जा नाव हाय तेच रवूदे." आडनाव माहेरचं, मधे वडिलांचं नाव, आणि तसंच सोनेरी अक्षरांत रेक्झिनवर उमटलं. काकी महिनाभर बोलली नाही. मला त्याची फारशी उणीव भासली नाही.

सादर करायच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र लागतं. एका ग्रंथालयात माझ्या नावावर एक पुस्तक बाकी दिसत होतं. ते मी केव्हाच परत केलं होतं. परत केल्याची चिठ्ठी फाईलमध्ये होती, अर्थात माझ्या शहाणपणाने नव्हे. दर वर्षीच्या फीच्या पावत्या, नोंदणीचं पत्र, शीर्षकात एक शब्द बदलल्याची मंजुरी, कोर्सवर्कचं प्रमाणपत्र, दोन परिषदांची प्रमाणपत्रं, सहामाही अहवाल हे सगळं क्रमाने लावलेलं होतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकेक कागद उलटला आणि विचारलं, "घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?" मी हो म्हटलं. तेवढं खोटं चालतं.

व्हायव्हा २०२४ मध्ये झाली. ती खुली असते, हे कलम मी सासऱ्यांना फार आधी वाचून दाखवलं होतं. सल्लागार समिती, विभागातले अध्यापक, इतर संशोधक आणि 'इच्छुक तज्ज्ञ' येऊ शकतात. नेदरलँड्समध्ये तर प्रबंधाचा बचाव म्हणजे समारंभच असतो. प्रश्नोत्तरांची वेळ ठरलेली आणि ती संपली की विद्यापीठाचा दंडधारी आत येऊन लॅटिनमध्ये वेळ संपल्याचं जाहीर करतो. स्वीडनमध्ये तारखेच्या काही आठवडे आधी प्रबंध भिंतीवर खिळ्याने ठोकतात, सगळ्यांनी वाचावा म्हणून. आपल्याकडे सूचनाफलकावर एक पत्रक लागतं आणि उमेदवाराच्या घरचे चहा-समोशांची सोय करतात. मी मॅडमना विचारलं, माझ्या आजेसासूबाई आल्या तर चालेल का? त्या हसल्या. "धवल्यांवर त्यांच्याहून इच्छुक तज्ज्ञ कोण आहे?"

आजी नऊवारीत आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. बाहेरच्या परीक्षकांनी प्रश्न विचारला. एकच धवलारीण दोन लग्नांत तेच गाणं गाताना शब्द बदलते, कडवी गाळते. हे स्मरणातून निसटतं म्हणून होतं की मुद्दाम? मी मौखिक परंपरेतल्या बदलांबद्दल जे लिहिलं होतं ते सांगितलं. स्मरणाचे साचे, प्रसंगानुरूप लवचिकता, असं बरंच काही. परीक्षक मान हलवत होते, पण समाधान झालेलं दिसत नव्हतं. ते मागे वळून म्हणाले, "आजी, तुम्ही सांगा. विसरता का?"

आजी बसूनच बोलल्या. "इसरन कशाला? नवरी बगून म्हनाचं. जिची आयस मेली, तिच्याम्होरं आयशीचं कडवं कोन बोलंल?"

खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. परीक्षकांनी ते वाक्य लिहून घेतलं. मग त्यांनी मला विचारलं, हे प्रबंधात कुठे आहे? गाळलेल्या कडव्यांचा तक्ता प्रबंधात होता, कारण नव्हतं. तसं मी सांगितलं. पुस्तक काढाल तेव्हा घाला, ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न संदर्भसूचीबद्दल विचारला.

व्हायव्हाचा अहवाल चांगला आला. त्यानंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर ठेवण्यासाठी द्यायची असते, पदवी त्यानंतर. नोकरीच्या अर्जाला लागतं ते पदवी जाहीर झाल्याचं नोटिफिकेशन, पदवीदानाची वाट पाहावी लागत नाही. हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत ठाऊक नसतं. माझी भाची आता एम.ए. करते. नव्या शैक्षणिक धोरणात तिच्या दोन वर्षांची ८८ क्रेडिट आहेत, ४४ मिळवून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडली तर पदव्युत्तर पदविका. प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्पही त्यात आलाच. क्रेडिट जमा होतात ते ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात. सासऱ्यांनी तिलाही दोन रकाने आखायला लावलेत. बँक म्हटल्यावर त्यांनी विचारलं की पासबुक कुठे आहे.

नोटिफिकेशन आल्यावर मी त्यांना फोर्टला घेऊन गेले, विद्यापीठ दाखवायला. १८५७ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर झाले, रानडे आणि भांडारकर त्यांतलेच. राजाबाई टॉवर आणि शेजारचं सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह. दोन्हींचा आराखडा लंडनमध्ये बसून गिल्बर्ट स्कॉटने काढला, तो स्वतः मुंबईला कधी आलाच नाही. हे सगळं मी त्यांना सांगत होते आणि ते टॉवरकडे मान वर करून बघत होते.

"एवरी जागा," ते म्हणाले, "ही कोनाची व्हती?"

मी सांगितलं, इथे जवळच किल्ल्याची तटबंदी होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर फ्रियरने ती पाडायला लावली, आणि तटाबाहेर नुसतं मोकळं मैदान होतं.

"म्हंजे शेत नवतं कोनाचं?"

"नाही बाबा. मैदानच होतं."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि रस्ता ओलांडून ओव्हलवरची क्रिकेटची मॅच बघायला गेले.